उदासी एक, आजार दोन

"आधीच्या डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. तीन वर्षं गोळ्या खाल्ल्या. आता हे म्हणतात बायपोलर आहे. मग चुकलं कोण?"

मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात हा प्रश्न घरचे लोक हमखास विचारतात. विचारताना आवाजात राग असतो, तो वाया गेलेल्या वर्षांचा. भीतीही असते, ती नव्या नावाची. खरं तर पुष्कळदा कुणीच चुकलेलं नसतं. पहिल्या डॉक्टरांसमोर जे मांडलं गेलं त्यावरून दुसरा निष्कर्ष निघण्यासारखाच नव्हता. असं का होतं, ते समजायला आधी दोन्ही आजार वेगवेगळे पाहू. त्यासाठी पनवेल तालुक्यातल्या उलव्यातली दोन घरं घेऊ. घरं कल्पनेतली आहेत, पण तिथे जे घडतं ते जागोजागी घडत असतं.

१. वाईट दिवस आणि आजार

पहिलं घर बामणडोंगरी स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. पंचेचाळिशीची बाई, नवरा न्हावा-शेवा बंदरात कामाला, मुलगी बारावीला. गेले दोन महिने दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी साडेनऊ-दहापर्यंत तशीच लोंबकळत असते. ही बाई झोपलेली नसते, पहाटे चारलाच तिला जाग येते. ती छताकडे बघत पडून राहते आणि उठावंसं वाटत नाही. भाजीत मीठ घातलं की नाही हे आठवत नाही, म्हणून दोनदा घातलं जातं. मालिका लावलेली असते, पण कोण कुणाची सासू ते विचारलं तर सांगता येत नाही. वजन उतरलंय. मुलीचे मार्क कमी आले तेही आपल्यामुळेच, असं तिला मनापासून वाटतं. आपण नसलो तर या दोघांचं जास्त बरं होईल, हा विचार येऊन जातो आणि पुन्हा येतो.

नवरा म्हणतो, टेन्शन आहे. हप्ते आहेत, आईचं आजारपण आहे, टेन्शन कुणाला नाही?

टेन्शन खरंच आहे. पण वाईट दिवस आणि आजार यांत फरक करायला डॉक्टरांकडे बऱ्यापैकी रोखठोक माप असतं. उदास मन, किंवा कशातच रस न वाटणं, या दोहोंपैकी एक तरी असलं पाहिजे. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, हालचालींतला मंदपणा किंवा उलट तगमग, अपराधीपणा आणि मरणाचे विचार. अशा एकूण नऊ लक्षणांपैकी किमान पाच, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ, निदान दोन आठवडे टिकली आणि त्यामुळे रोजचं जगणं अडलं, तर त्याला नैराश्याचा आजार म्हणतात. हप्ते भरून झाले की तो जाईल असं नाही. आजाराला कारण सापडलं म्हणून तो आजार नाही असंही होत नाही. दगडाला ठेचकाळून पडलं तरी मोडलेलं हाड मोडलेलंच असतं.

एक गोष्ट मात्र आधी तपासायची असते, ती म्हणजे थायरॉइड. ही ग्रंथी मंदावली की माणूस थेट असाच दिसतो. म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टर रक्त तपासायला सांगतात तेव्हा "मनाच्या आजाराला रक्त कशाला?" असं म्हणू नये.

कासव या मराठी चित्रपटाला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्याच्या मध्यभागी असाच खचलेला एक तरुण आहे, आणि चित्रपटामागे उभे राहिलेले डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. नैराश्य म्हणजे काय याची कल्पना आता मराठी घरांना बऱ्यापैकी आहे. दुसऱ्या टोकाचं तसं नाही.

२. दुसरं टोक

दुसऱ्या घरात सव्वीस वर्षांचा मुलगा आहे. डिप्लोमा झालेला, एका खासगी कंपनीत कामाला, बोलायला कमी. मागच्या वर्षी फेब्रुवारीत तो अचानक खुलला. रात्री एकला झोपून चारला उठायचा आणि तरी दिवसभर ताजातवाना. पहाटे साडेतीनला सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक संदेश, विमानतळाजवळ कार्गोचं गोदाम काढण्याची योजना, त्यात प्रत्येकाला भागीदारी. एका आठवड्यात दोन दुकानांच्या गाळ्यांना टोकन दिलं, वैयक्तिक कर्ज काढून. बोलणं इतकं भरधाव की समोरच्याला वाक्य पुरं करता येईना. मध्येच विनोद, मध्येच चिडचिड. कुणी शंका काढली की "तुमची विचार करायची लायकीच नाही" हे ठरलेलं. आणि आईबाप? पहिले आठ-दहा दिवस ते खूश होते. पोरगा लायनीवर आला म्हणून वहाळच्या साईमंदिरात जाऊन आले.

याला उन्माद म्हणतात. मन एकतर फार चढलेलं किंवा फार चिडकं, अंगात नेहमीपेक्षा कितीतरी जास्त जोर, झोपेची गरजच घटलेली, बोलणं आणि विचार वेगात, स्वतःबद्दल अवाजवी मोठेपणा, आणि पैसा, वाहन किंवा शरीरसंबंध यांबाबत बेफिकिरी. हे सलग सात दिवस टिकलं किंवा त्याआधीच दवाखान्यात भरती करावं लागलं, तर तो उन्मादाचा झटका. हेच सौम्य प्रमाणात निदान चार दिवस टिकलं, माणूस बदललाय हे इतरांना दिसलं, पण संसार वा नोकरी कोलमडली नाही, तर तो सौम्य उन्माद. आयुष्यात एकदा जरी पुरता उन्माद होऊन गेला असेल तर निदान बायपोलर एक असं होतं. सौम्य उन्माद आणि नैराश्य असे दोन्ही झटके येऊन गेले असतील, पण पुरता उन्माद कधीच झाला नसेल, तर बायपोलर दोन. दुसरा प्रकार नावाला सौम्य आहे. त्यातलं नैराश्य मात्र पहिल्याइतकंच खोल जातं आणि पुष्कळदा जास्त काळ मुक्काम ठोकतं.

सकाळी आनंदी, दुपारी चिडलेला, रात्री रडवेला, अशाला हल्ली कॉलेजातली मुलं सर्रास "बायपोलर आहे रे" म्हणतात. तसं नसतं. इथे मनाची एक अवस्था दिवसचे दिवस, आठवडेच्या आठवडे टिकते.

उलव्यासारख्या ठिकाणी या अवस्थेला लपायला जागा भरपूर. २०१८ मध्ये खारकोपरपर्यंत लोकल आली. १२ जानेवारी २०२४ ला अटल सेतू आणि उरणपर्यंतची लोकल एकाच दिवशी सुरू झाली. ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. ज्या टापूत चहाच्या टपरीवरही प्लॉटचे भाव बोलले जातात, तिथे एखादा पोरगा करोडोंच्या गोष्टी करू लागला तर त्याला आजारी कोण म्हणेल? शेजारी म्हणतील, हुशार आहे, वेळ साधली.

मग धडाडी कुठे संपते आणि उन्माद कुठे सुरू होतो? माझ्या मते सर्वांत भरवशाचा प्रश्न झोपेचा. धंद्यासाठी तीन तास झोपणारा धडपड्या माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी पेंगतो, रविवारी दहापर्यंत लोळतो. उन्मादातला माणूस तीन तास झोपतो आणि त्याला थकवा म्हणून येत नाही. दुसरा प्रश्न असा की हा माणूस मुळात असा होता का? बडबड्या माणसाने बडबड केली तर त्यात काही नाही. मितभाषी पोरगा अनोळखी लोकांना रात्री फोन लावू लागला तर आहे.

३. पासबुकाचं शेवटचं पान

आता या मुलाची पुढची गोष्ट. एप्रिलमध्ये तो उतरला. टोकन बुडालं, कर्ज राहिलं. जूनपासून खोलीतून बाहेर येईना. बारा-बारा तास झोप, अंग शिशासारखं जड, आंघोळ नाही, मरणाची भाषा. ऑगस्टमध्ये आई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली.

त्या दिवशी दवाखान्याच्या बाकावर पहिल्या घरातली बाईही असेल. दोघांची तपासणी केली तर लक्षणांची यादी जवळजवळ तीच निघेल. आजच्या दिवसापुरतं पाहिलं तर दोघांत फरक करता येईल अशी रक्ताची चाचणी नाही, मेंदूचा स्कॅन नाही. दोन खात्यांवर आज शून्य शिल्लक असावी तसं हे आहे. शेवटची ओळ सारखीच दिसते. पण पासबुक मागे उलटलं तर एका खात्यातून पैसे हळूहळू गेलेले दिसतील, दुसऱ्यात मध्येच भलामोठा भरणा आणि त्यामागोमाग सगळं रिकामं झालेलं दिसेल. डॉक्टरांना मागची पानं बघायची असतात. रुग्ण मात्र शेवटचं पान तेवढं पुढे करतो.

यात लपवाछपवी नसते. फेब्रुवारी त्याला आजार म्हणून आठवतच नाही, तो त्याच्या आयुष्यातला सर्वांत बरा महिना होता. कुणी बरं वाटतंय म्हणून डॉक्टरकडे जातं का? शिवाय खोल उदासीत माणसाला जुने चांगले दिवस आठवतही नाहीत. त्यातून बायपोलर आजाराची सुरुवात पुष्कळदा नैराश्याच्या झटक्यानेच होते, उन्माद काही वर्षांनी येतो. तेव्हा मागच्या पानांवरही काही नसतं. पहिल्या डॉक्टरांनी नैराश्य म्हटलं ते त्या दिवशी बरोबरच होतं. पहिल्या झटक्यापासून खरं निदान होईपर्यंत पाच-दहा वर्षं जाणं ही जगभरची रड आहे.

पासबुक कोरं असलं तरी काही खुणा डॉक्टरांचे कान टवकारतात. पहिलं नैराश्य विशीत किंवा त्याआधी आलं, झटके वारंवार येतात, अचानक येतात आणि अचानक जातात, झोप व भूक घटण्याऐवजी वाढते, बाळंतपणानंतर लगेच मन बिघडलं, नैराश्याची गोळी सुरू केल्यावर माणूस विचित्र चढला, घराण्यात कुणाला असा त्रास होता. यांतली एखादी खूण पटली म्हणून बायपोलर ठरत नाही. सगळ्या मिळून संशयाला जागा देतात.

आणि संशय घेताना प्रमाणही ध्यानात असू द्यावं. निम्हान्सने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आयुष्यात कधी ना कधी नैराश्य आलेले सुमारे ५ टक्के प्रौढ सापडले, बायपोलर आजाराचे सुमारे अर्धा टक्का. म्हणजे एकाला दहा. उदास दिसणाऱ्या प्रत्येकाला बायपोलर ठरवण्याची घाई नको. (बारा राज्यांच्या त्या पाहणीत महाराष्ट्र नव्हता, हे आपल्या वाट्याचं दुर्दैव.)

कधीकधी दोन्ही टोकं एकाच वेळी येतात. विचार धावतायत, झोप नाही, अंगात जोर आहे आणि मन मात्र काळंकुट्ट. या मिश्र अवस्थेत मरणाच्या विचाराला कृतीचं बळ मिळतं, म्हणून ती सर्वांत धोक्याची. अशा वेळी पुढच्या आठवड्याच्या अपॉइंटमेंटची वाट पाहायची नसते.

४. मागची पानं कुणाकडे?

जुन्या गावात हा प्रश्न पडत नाही. तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी ही गावं विमानतळासाठी उठली, पण त्या भावकीला अजून ठाऊक असतं की अमक्याचा आजोबा एका पावसाळ्यात रात्रभर गात हिंडला होता आणि पुढच्या पावसाळ्यात कुणाशी बोलला नव्हता. आगरी-कोळी घरांत अशा आठवणी बाहेरची बाधा म्हणून सांगितल्या जातील, भगताकडे नेल्याच्या गोष्टी निघतील. भगताला यशही आलेलं असतं, कारण दोन्ही आजारांचे झटके पुष्कळदा काही महिन्यांनी आपोआप ओसरतात आणि ओसरताना जो समोर असेल त्याला श्रेय मिळतं. (भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारणं किंवा बांधून ठेवणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे.) बाधा हे स्पष्टीकरण चुकीचं, पण त्यात दडलेली माहिती डॉक्टरांच्या फार कामाची.

सिडकोच्या सेक्टरांत मात्र सगळे नवे. कुणी साताऱ्याहून, कुणी चिपळूणहून, कुणी डोंबिवलीची जागा विकून आलेलं. शेजाऱ्याची ओळख फार तर पाच-सहा वर्षांची, तीही लिफ्टमधली. बायकोला नवऱ्याचं लग्नाआधीचं आयुष्य त्याने सांगितलं तेवढंच माहीत. कॉलेजात असताना त्याने सलग चार रात्री न झोपता काय केलं होतं, हे ठाऊक असतं गावाकडच्या मोठ्या बहिणीला किंवा जुन्या खोलीतल्या मित्राला. अशा ठिकाणी निदान उशिरा होणं हा डॉक्टरांइतकाच वस्तीच्या घडणीचाही दोष आहे.

सासरी कळेल म्हणून माहेरचे बोलत नाहीत, ही आणखी एक अडचण. आई किंवा वडील यांपैकी एकाला बायपोलर असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता ढोबळमानाने दहात एक. म्हणजे दहांतल्या नऊ मुलांना होत नाही. तरी या एका आकड्याच्या भीतीने घराण्याची माहिती दाबून ठेवली जाते आणि ज्या एकाला आजार होतो त्याची वर्षं वाया जातात.

५. गोळी का बदलते

नावातला फरक एवढा महत्त्वाचा कशासाठी? उपचार वेगळे म्हणून.

नुसत्या नैराश्यात एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारखी नैराश्यविरोधी औषधं आणि समुपदेशन यांवर भर असतो. गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात, आणि तिची चटक लागत नाही. पण बायपोलर माणसाला हीच गोळी एकटी दिली तर मन नेहमीच्या पातळीवर न थांबता थेट वर उसळू शकतं, किंवा झटके जवळजवळ येऊ लागतात. म्हणून तिथे पाया मन स्थिर ठेवणाऱ्या औषधांचा. लिथियम, व्हॅल्प्रोएट, लॅमोट्रिजिन, क्वेटायपिन ही त्यांतली नेहमीची नावं. यांपैकी व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक ठरू शकतं, तेव्हा मूल हवं असलेल्या बाईने ते आधीच डॉक्टरांशी बोललं पाहिजे.

हे दोन आजार वेगळे आहेत हे कळायलाच वैद्यकाला बराच काळ लागला. जर्मन डॉक्टर एमिल क्रेपेलिन यांनी १८९९ मध्ये दोन्ही टोकं एकाच मोठ्या आजारात घातली. कार्ल लिओनहार्ड यांनी १९५७ मध्ये नुसत्या उदासीचे आणि दोन्ही टोकांचे रुग्ण वेगळे काढले. अमेरिकी वर्गीकरणात ही फारकत १९८० मध्ये पक्की झाली.

लिथियमची कथा त्याहून रंगतदार. ऑस्ट्रेलियाचे जॉन केड दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या छावणीत कैदी होते. सुटून आल्यावर मेलबर्नजवळच्या मनोरुग्णालयात गिनीपिगवर प्रयोग करताना त्यांना दिसलं की लिथियमचा क्षार टोचला की ही धांदरट जनावरं शांत पडून राहतात. त्यांनी तो उन्मादाच्या दहा रुग्णांना दिला आणि १९४९ मध्ये निबंध छापला. पहिला रुग्ण पाच वर्षं सतत उन्मादात होता. काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. मग बरं वाटतंय म्हणून त्याने औषध सोडलं आणि काही महिन्यांत परत आला. पाऊणशे वर्षांनंतरही हा प्रसंग रोज कुठे ना कुठे घडतो.

६. मीठ, घाम आणि हळदीची रात्र

लिथियम उपयोगी आहे, आत्महत्येचा धोका कमी करणारं औषध म्हणूनही त्याचा लौकिक आहे. पण गुणाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर थोडं. म्हणून शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त देऊन पातळी मोजतात. साधारण ०.६ ते १.० ही कामाची, १.५ च्या वर धोक्याची. थायरॉइड आणि मूत्रपिंडही अधूनमधून तपासतात.

ही पातळी शरीरातल्या मीठ-पाण्यावर हलते. खाडीकाठच्या मे महिन्यात घामाने अंग निथळत असताना पाणी कमी प्यायलं, निर्जळी उपवास धरला, जुलाब-उलट्या झाल्या, डॉक्टरांना न विचारता मीठ एकदम बंद केलं किंवा कंबरदुखीसाठी आयबुप्रोफेनसारखी गोळी दुकानातून आणून घेतली, तर लिथियम अंगात साठतं. हात जोरात थरथरणं, जीभ जड होणं, चालताना तोल जाणं, अशी चिन्हं दिसली तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

झोपेचं गणितही तसंच कडक. जागरणाने बायपोलर माणसात उन्माद पेटू शकतो. बंदर आणि विमानतळ हे दोन्ही रात्री जागणारे उद्योग आहेत आणि उलव्यातल्या तरुणांना नोकऱ्या तिथेच मिळतात. आज रात्रपाळी, परवा दिवसपाळी असं फिरतं काम अशा माणसाला मानवत नाही. डॉक्टरांचं पत्र देऊन पाळी पक्की करून घेता आली तर घ्यावी.

सर्वांत वाईट मुहूर्त मात्र लग्नाचा. स्थळाला कळू नये म्हणून महिनाभर आधी गोळ्या बंद होतात. मग खरेदीची धावपळ, उन्हाळा, आणि हळदीला डीजेच्या तालावर पहाटेपर्यंत नाच. सत्यनारायणाच्या पूजेपर्यंत नवरदेव उन्मादात गेलेला असतो. लग्नाआधी सांगावं की नाही यावर घराघरांत वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे, सांगावं. आजार आवाक्यात राहतो तो गोळी आणि झोप यांवर, आणि या दोन्ही गोष्टी एका खोलीत राहणाऱ्या माणसापासून लपवता येत नाहीत.

७. डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी

उलव्याला जवळ पडेल असा मनोविकार विभाग कामोठ्याच्या एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयात आहे. सरकारी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम जिल्हा रुग्णालयामार्फत चालतो, रायगडचं जिल्हा रुग्णालय अलिबागला. भरती करण्याची वेळ आली तर ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १९०१ पासूनचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराप्रमाणेच धरायचं आहे. त्याच कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं. तेव्हा पोलिसांच्या भीतीने त्याला दवाखान्यापासून दूर ठेवू नये. मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारल्याने ते डोक्यात भरत नाहीत. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो.

जाण्याच्या आदल्या दिवशी एक फोन मात्र करा. रुग्णाला सर्वांत जुनं ओळखणाऱ्याला, मग ती गावची आत्या असो की शाळेतला मित्र. "तो कधी फार खुशीत, झोपेशिवाय, भरमसाट खर्च करत हिंडला होता का? किती दिवस? कोणत्या वर्षी?" उत्तर कागदावर लिहून न्या, आधी घेतलेल्या गोळ्यांची नावं आणि त्यांनी काय झालं तेही लिहा. शक्य असेल तर डॉक्टरांना सांगून रुग्णाच्या संमतीने घरातलं एक माणूस दहा मिनिटं त्यांच्याशी बोलू द्या. आज रात्रीच बोलायची गरज असेल तर टेली-मानस ही केंद्र सरकारची हेल्पलाइन ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. क्रमांक १४४१६, पैसे पडत नाहीत, चोवीस तास, आणि मराठीतून बोलता येतं.